ताण की विकृती?

नाशिकच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "ऑक्साइडच्या पातळ थरात स्ट्रेन आणून त्याचं चुंबकत्व हवं तसं बदलतात, यावर मराठीत बोलायचंय. स्ट्रेनला ताण म्हणू की विकृती? विकृती म्हटलं की ऐकणारे दचकतात."

मोजायच्या राशीला विकृतीच म्हणा. मूळ लांबीच्या मानाने लांबीत पडलेला फरक म्हणजे स्ट्रेन. ताण किंवा प्रतिबल हे स्ट्रेसचं मराठी, आणि त्यात बल भागिले क्षेत्रफळ असतं. शिवाय 'ताण'मध्ये 'तन्' धातूचं ओढणं आहे. येवल्याच्या मागावरचा पैठणीचा ताणा त्याच कुळातला. थर मात्र नेहमी ओढलाच जातो असं नाही. लँथनम कोबाल्टेट या ऑक्साइडच्या जालकात, म्हणजे अणूंच्या नियमित जाळीत, सारख्या अणूंमधलं अंतर सुमारे ०.३८१ नॅनोमीटर, तर ज्यावर हा थर चढवतात त्या खालच्या स्ट्रॉन्शियम टायटनेटचं ०.३९०५. वरचा थर खालच्या मापाला बांधला जातो, म्हणून सुमारे अडीच टक्के ओढला जातो. एरवी अतिथंड तापमानात चुंबकत्व न दाखवणारा हा पदार्थ मग साधारण ८५ केल्विनखाली (सुमारे उणे १८८ अंश सेल्सिअस) लोहचुंबकी, म्हणजे लोखंडासारखा चुंबकी, होतो! उलट लँथनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट (०.३८८) लँथनम अ‍ॅल्युमिनेटवर (०.३७९) चढवलं तर ते आवळलं जातं आणि त्याच्या चुंबकत्वाची सोपी दिशा, म्हणजे ज्या दिशेला ते सहज वळतं ती, थरातून उठून थराला लंब होते. या दुसऱ्या थरात 'ताण' आहे म्हटलं तर ऐकणारा नेमकं उलटं चित्र डोळ्यांपुढे आणेल. म्हणून ओढलेला थर, आवळलेला थर असंच बोलावं.

दचकण्याचं म्हणाल, तर 'विकृती'ला आज वाईट वास आहे खरा. मुळात अर्थ आहे रूप बदलणं. पंचांगातल्या साठ संवत्सरांत एकाचं नाव विकृती आहेच की.

पण 'ताण' टाकूनही देऊ नका. सटाणा-मालेगावकडचे डाळिंबवाले बहार धरण्याआधी पाणी तोडतात, त्याला 'बागेला ताण देणे' म्हणतात. मुद्दाम दिलेला, मोजून दिलेला, आणि त्यातून झाडाकडून फूल काढून घेणारा ताण. इथे ओढणं नाही की आवळणं नाही, म्हणून दोन्ही थरांना तो चालतो. प्रयोगशाळेतल्या या कृतीला याहून नेमकं क्रियापद मला सापडलेलं नाही. राशीला विकृती, कृतीला ताण देणे. भाषणात असं म्हणता येईल: "थराला ताण दिला, जालकात अडीच टक्के विकृती आली आणि कोबाल्टेट चुंबकी झालं."