वाचक विचारतात : स्की किती लांब घ्यायची?

प्रश्न : ताई, मी मुलुंडचा, उंची १७३ सेंमी, वजन ८२ किलो (लग्नानंतर वाढलंय, तुमच्यापासून काय लपवायचं). काही वर्षं हिवाळ्यात गुलमर्गला जातोय. कोर्स केला तेव्हा १५० सेंमीची स्की मिळाली होती, सवय झाली म्हणून अजून तीच भाड्याने घेतो. कोंगडोरीच्या उतारावर पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) बऱ्यापैकी जमतात, पण जरा स्पीड घेतला की पुढची टोकं थडथडायला लागतात आणि पोटात गोळा येतो. ग्रुपमधला एकजण म्हणतो सरळ १८० घे, खरी मजा त्यातच. घेऊ का? आणि एक जोडी विकतच घेऊन टाकली तर?

उत्तर : १८० राहू द्या त्या मित्रालाच. पण १५० तुम्हाला अपुरी पडतेय हे मात्र खरं. १६० ते १६५ च्या मधली मागा, बस.

काउंटरवरचा हिशोब ठरलेला असतो, नवशिक्याला हनुवटीपर्यंत, जरा येत असेल तर नाकापर्यंत, तरबेज असेल तर डोक्याएवढी. सोपा आहे म्हणून चालतो, पण स्कीला उंची कळतच नाही हो, तिला कळतं वजन. टर्नमध्ये स्की तुमच्या वजनाखाली वाकते आणि त्या वाकण्यातूनच वळते, वजनाच्या मानाने ती आखूड आणि मऊ असली की नको तितकी वाकते, शिवाय बर्फ धरायला कडही कमी मिळते, मग वेगात ती थरथरणार नाही तर काय करणार. उलट तुमच्याच उंचीच्या पण ५५ किलोच्या माणसाला तीच लांब, कडक स्की दिली तर ती वाकणारच नाही, नाकासमोर पळत सुटेल.

साइज बदलायच्या आधी एक करा. सकाळी स्लोपवर गर्दी व्हायच्या आत चार टर्न घ्या, थांबा आणि मागे वळून आपल्याच खुणा बघा. दोन बारीक रेघा शेजारी शेजारी गेल्या असतील तर तुम्ही एजवर, म्हणजे स्कीच्या कडेवर वळताय, लांब स्की खुशाल घ्या. फडक्याने पुसल्यासारखा रुंद पट्टा दिसला तर तुम्ही टाचा बाहेर ढकलून वळताय, आणि मग लांब स्की त्रासच देईल, कारण ढकलायला मागे आणखी शेपूट आलं. बहुतेकांचं मधलंच असतं, टर्नच्या सुरुवातीला पट्टा आणि शेवटी रेघ, तेवढं असलं तरी १६० ला हरकत नाही. आणि हो, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आहे ना तेही बघा, मागे रेलून उभे राहिलात तर २०० ची घेतली तरी टोकं नाचणारच.

स्की हातात आली की शेपटाकडे छापलेले बारीक आकडे वाचा. समजा १६२, मग १२२-७४-१०४, आणि आर १४ असं लिहिलंय. पहिला आकडा लांबी, सेंमीमध्ये. पुढचे तीन म्हणजे टोक, कंबर आणि शेपटाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आर १४ म्हणजे एजवर टेकवून सोडली की साधारण १४ मीटर त्रिज्येचं वळण ती आपणहून घेते. त्याच मॉडेलची मोठी साइज घेतली की हा आरही सहसा वाढतो, म्हणजे छोटे छोटे टर्न मारायला मेहनत जास्त, झाडांमधून जायचं असेल तर ते लगेच जाणवतं.

रॉकरचं, म्हणजे स्कीचा पुढचा भाग आधीपासूनच वर उचललेला असण्याचं, मात्र दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा आणि पुढच्या बाजूला तळ एकमेकांपासून कुठे सुटतात ते बघा. टोकाच्या बऱ्याच आधी सुटत असतील तर ती रॉकरवाली, कडक बर्फावर तिचा पुढचा भाग टेकतच नाही, त्यामुळे छापील लांबीपेक्षा ती आखूड वागते. तशी असेल तर १६८-१७० पर्यंत जायला हरकत नाही.

गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून वर अफरवटच्या डोंगरावर जायचं मनात असेल तर गणितच वेगळं. तिथे ताज्या पावडरमध्ये, म्हणजे भुसभुशीत बर्फात तरंगायचं असतं, म्हणून कंबर १०० मिमीच्या आसपास आणि लांबीही जास्त चालते. पण तिथे हिमस्खलनाचा धोका असतो, गाइडशिवाय नको, आणि खालच्या उतारावर टोकं थडथडत असताना तर मुळीच नको.

स्की बदलली की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, परत सेट करून घ्या. पडल्यावर बूट किती जोराला सुटायचा तो आकडा, डिन म्हणतात त्याला, तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता यावरून ठरतो. आपल्याकडे काउंटरवर वजन सांगताना लोक हळूच पाच-सात किलो खातात, तसं करू नका, आणि मित्रासमोर शायनिंग मारायला एक्सपर्टही सांगू नका. सुटायला हवी तेव्हा स्की सुटली नाही तर पीळ तुमच्या पायाला बसतो.

विकत? माझं ऐकाल तर नको. मुंबईच्या दमट हवेत स्टीलच्या कडा पुसून, कोरड्या करून ठेवल्या नाहीत तर गंज धरणार, माळ्यावर जागा जाणार, आणि भाड्याच्या स्कीत सकाळी १६० आणि दुपारी १६५ असं बदलून बघता येतं ते जाणार. पैसे खर्च करायचेच असतील तर बूट घ्या, पाऊल सेंमीमध्ये मोजून, २६.५ पाऊल तर २६.५ नंबर, बाहेरच्या बुटापेक्षा घट्टच लागतील. दुबईच्या मॉलमधल्या इनडोअर स्लोपवर सराव करून येतात काही जण, २००५ पासून आहे तो, पण सर्वात लांब उतार ४०० मीटरचा, टर्न घासायला ठीक, लांब स्की वेगात कशी वागते ते तिथे नीट कळायचं नाही.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, १५५ सेंमी, ४४ किलो. औलीला १३५ ची स्की घेतली होती, आता येते चांगली. वाढत्या अंगाची म्हणून १५५ चीच घेऊन ठेवू का, दोन-तीन वर्षं पुरेल? (दादर)

उत्तर : युनिफॉर्म नाहीये हो तो! ४४ किलोला १५५ ची वाकणार नाही, पोरगी घाबरून परत स्नोप्लाऊवर (टोकं जवळ, टाचा बाहेर करून ब्रेक मारत उतरण्यावर) येईल. यंदा १४२-१४५ भाड्याने, पुढच्या वर्षी परत वजन करून बघा.