व्हिलनचे केस कायम कापलेलेच का असतात?

प्रश्न: ताई, माझी मुलगी चौथीत आहे. मी वाशीच्या ऑफिसातून घरी पोचेपर्यंत साडेसात होतात, तोवर ती आजीसोबत टीव्हीसमोर. परवा माझी बहीण केस बॉबकट करून जीन्सवर आली तर ही पटकन म्हणते, "मावशी, तू आता वाईट बाई झालीस का?" सगळे हसलो, पण मला रात्री झोप नाही लागली. सासूबाईंना सीरियल बंद करा म्हटलं तर घरात महाभारत, त्यांचा तेवढाच विरंगुळा. अशा सीरियलची तक्रार करता येते का? मिस्टर म्हणतात त्यात अश्लील काही नाही, मग तक्रार कसली करणार.
— एक आई, ऐरोली

उत्तर: तुमच्या लेकीने सीरियल अगदी बरोबर वाचलीये हो! कापलेले केस, स्लीव्हलेस ब्लाऊज आणि मध्येच एक इंग्लिश वाक्य, की समजायचं ही घर फोडणार. आणि चांगली कोण, तर जिला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललं तरी ती आत जाते, डोळे पुसते आणि बोलणाऱ्यांसाठीच चहा टाकते. नौपाड्यात आमच्या घरी आठ वाजता हेच चालू असतं आणि मीही आईशेजारी बसून बघते, खोटं कशाला बोलू.

हे दुखणं आजचं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’त त्या काळच्या गोष्टी-नाटकांतल्या बायकांच्या चित्रणावर अशाच तुटून पडल्या होत्या.

आता मिस्टरांचा मुद्दा. तक्रार म्हणजे फक्त अश्लीलतेची असंच बहुतेकांना वाटतं, कारण ऐकून माहीत असतो तो १९८६ चा कायदा, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाचा, आणि त्याची सगळी भाषा बाईच्या देहाभोवती, अंग कसं दाखवलं याभोवती फिरते. पण केबल टीव्हीचे १९९४ चे नियम आहेत ना, त्यात जाहिरातींसाठी चक्क लिहून ठेवलंय की बाई निमूट सोसणारी, दबून राहणारी आहे यावर भर देऊन तिने घरात आणि समाजात दुय्यमच राहावं असं उत्तेजन देणारं चित्रण चालणार नाही. म्हणजे सोसणं हेच बाईचं भूषण म्हणून विकायचं नाही, हे तीस वर्षांपूर्वीच कागदावर आलंय. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटेना.

गंमत म्हणा नाहीतर वैताग, पण हे वाक्य जाहिरातींपुरतं आहे. कार्यक्रमांच्या नियमात पुन्हा बाईची आकृती, तिचं शरीर आणि ते असभ्य किंवा अवमानकारक वाटेल असं दाखवणं, इथपर्यंतच. म्हणजे नायिकेने हजार एपिसोड सोसलं तर नियमात बोट ठेवायला जागा कमी, पण मधल्या ब्रेकमध्ये मसाल्याच्या जाहिरातीतली सून तशी दाखवली तर जागा आहे!

तरी तक्रार कराच. २०२१ पासून रस्ता ठरलेला आहे. आधी त्या चॅनेललाच लिहायचं, त्यांनी २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. नाही पटलं तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेलवाल्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील, त्यावर केंद्र सरकारची समिती. फक्त "समाजावर वाईट परिणाम होतो" असलं लिहू नका, त्याचं कोणी काही करत नाही. तारीख, वेळ, सीन लिहा: नवऱ्याने थोबाडीत मारली, पुढच्या सीनमध्ये तिनेच माफी मागितली आणि मागे रोमँटिक म्युझिक वाजत होतं, असं. मी एकदा केली होती, चॅनेलचं नाव सांगत नाही. उत्तर आलं की कथानकात पुढे नायिका खंबीर होणार आहे. मी अजून वाट बघतेय.

जाहिरातीची तक्रार एएससीआयकडे, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, ऑनलाइन आणि फुकट होते. त्यांच्या जून २०२२ च्या गाईडलाइन्स कामाच्या आहेत. बाई घर झाडताना दाखवा, हरकत नाही, पण हे काम बायकांचंच, पुरुष ते कधी करतच नाहीत असं सुचवायचं नाही.

आणि घरी सीरियल बंद करू नका, सासूबाईंशी भांडण होईल आणि मुलगी शेजारी जाऊन बघेल. आठवड्यात एक दिवस तुम्ही पण बसा आणि लेकीला विचारा की ही वाईट आहे हे तुला कशावरून कळलं गं? नुसतं विचारा, भाषण नको. सासूबाईंना विचारा त्यांच्या लहानपणी ओळखीत केस कापलेली पहिली बाई कोण होती. माझ्या आईची होती शाळेतली पीटीची टीचर, सगळ्या मुलींना तिच्यासारखंच व्हायचं होतं. मावशीला दर रविवारी जेवायला बोलवा.

प्रश्न: सोसायटीच्या गणपतीत आम्ही पुरुषांनी साड्या नेसून ‘बायकोची शॉपिंग’ नावाचं स्किट केलं. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते, पण दोन मॅडम उठून गेल्या आणि ग्रुपवर लिहिलं की हा अपमान आहे. बालगंधर्वही साडी नेसायचेच ना? आता विनोदही करायचा नाही का?
— कमिटी मेंबर, कोपरखैरणे

उत्तर: दादा, बालगंधर्वांचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. ते साडी कशी नेसतात, गजरा कसा माळतात हे बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. तुमच्या स्किटमधली साडी बघून कोणाला तशी नेसावीशी वाटली का? आणि तेव्हा स्टेजवर यायला बायकाच मिळत नव्हत्या. १९१३ मध्ये फाळक्यांच्या पहिल्या सिनेमात तारामतीसुद्धा साळुंके नावाच्या तरुणाने केली. पण त्याच वर्षी पुढच्या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, लोकांचं बोलणं ऐकून घेऊन. तुमच्या सोसायटीत बायका आहेत ना, मग स्किटमध्ये एकही का नव्हती?

विनोद करा की. पण उधळपट्टी करणारी बायको आणि बिचारा नवरा हा जोक तुमच्या वडिलांच्या लग्नाच्या पंगतीतही झाला असेल. पुढच्या वर्षी नवऱ्याचा नवीन फोन, नाहीतर पार्किंगसाठी एजीएममध्ये झालेली आरडाओरड घ्या. त्या दोन मॅडमना लिहायला सांगा, आणि त्यांनी तुमची नक्कल केली तर पहिल्या रांगेत बसून हसा.

प्रश्न: बाबा नाहीत. माझ्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून आईचं नाव टाकायचंय, सगळा खर्च तिनेच केलाय. काका आणि प्रिंटर दोघं म्हणतात तशी पद्धत नाही.
— खारघर

उत्तर: टाक गं, बिनधास्त टाक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, असं राज्य सरकारनेच ठरवलंय. आणि विधवांना बाजूला ठेवणाऱ्या प्रथा बंद, असा ठराव मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेने केला, ते तर गाव आहे, तू खारघरला राहतेस. काकांना सांग, खाली ‘आपले नम्र’मध्ये तुमचं नाव मोठ्या अक्षरात घालते. आणि प्रूफ स्वतः बघ, प्रिंटर जुनाच मॅटर कॉपी-पेस्ट करतात, माझ्या मावसबहिणीच्या पत्रिकेत दुसऱ्याच नवरीचे मामा छापून आले होते.