पुस्तक समोर आहे, पण डोकं कुठंय?

प्रश्न : मी साताऱ्यात गोडोलीला राहतो. मुलगा एमपीएससी करतोय, पोवई नाक्याजवळच्या अभ्यासिकेत सकाळी जातो ते रात्रीच घरी येतो. डबा द्यायला गेलो की पुस्तकापुढं बसलेला दिसतो पण पान काही पुढं सरकत नाही. विचारलं तर "वाचतोय की पप्पा." मुलगी बीएला सायकॉलॉजी शिकते, ती म्हणते मनातल्या मनात विचार करणं हेपण बिहेविअरच. जे दिसतच नाही ते वर्तन कसलं? आणि तो खरंच अभ्यास करतोय का हे ओळखायचं कसं? मोबाईल चेक करू का?
— एक वडील, सातारा

उत्तर : दादा, तुमच्या बाजूनं बोलणारा एक मोठा माणूस होऊन गेलाय, अमेरिकेतला सायकॉलॉजिस्ट जॉन वॉटसन. १९१३ साली त्यानं लिहिलं की सायकॉलॉजीनं मनात डोकावायचं सोडावं, चारचौघांना दिसतं तेवढंच बघावं. त्याआधी लॅबमध्ये माणूस बसवून 'आत काय चाललंय सांग' असं विचारायचे, आणि दोन लॅबची उत्तरं जुळली नाहीत की खरं कुणाचं हे ठरवायची सोयच नव्हती, त्यामुळं वॉटसनचा वैताग मला तरी समजतो.

पण माणूस विचार करतो हे तर त्यालाही नाकारता येईना, मग तो म्हणाला विचार म्हणजे बिनआवाजाचं बोलणंच, घशाचे स्नायू बारीक हलत असणार. ऐकायला पटतं. पहिलीतलं पोर बघा ना, आधी 'क-म-ळ कमळ' मोठ्यानं वाचतं, मग नुसते ओठ हलतात, मग तेही थांबतात. पण १९४७ मध्ये स्मिथ नावाच्या डॉक्टरनं (हिंमत बघा या बाबाची!) स्वतःला क्युरारे टोचून घेतलं, अंगातला एकूण एक स्नायू लुळा, श्वाससुद्धा दुसऱ्यांनी द्यायचा, आणि नंतर उठून सांगितलं की डोकं सगळा वेळ नीट चालू होतं, तुम्ही काय बोलत होता तेही आठवतंय. झालं, घशाचा मुद्दा तिथं लटकला.

तुमची मुलगी बोलतेय ते स्किनर नावाच्या दुसऱ्या सायकॉलॉजिस्टचं. त्याचं म्हणणं, आत घडतं तेही वर्तनच, फक्त त्याला बघणारा एकच, ज्याचं तो. मला हे पटतं, पण तो एकटा साक्षीदारही कच्चाच असतो हो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट केले, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं, आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील ही खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

म्हणजे पोरगं "वाचतोय" म्हणतं ते खोटं असेलच असं नाही. एकाच पानावर अडलाय, पाठ करतोय, का तंद्री लागलीय, बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. रात्री जेवताना सहज म्हणा, "त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मला जरा समजावून सांग रे." पुस्तक न उघडता. तुम्हालाही दिसेल, त्यालाही कळेल आणि त्याची रिव्हिजनही होईल. फक्त उलटतपासणी करू नका, खरंच ऐका.

मोबाईल चेक करू नका. त्यातून फारतर त्यानं काय उघडलं ते कळेल, डोक्यात काय गेलं ते नाही. आणि पप्पा बघतात हे एकदा कळलं की तो हिस्ट्री उडवायला शिकेल, आणि अभ्यासिकेबाहेर तुमची गाडी दिसली की भराभर पानं उलटायलाही.