संगणकाचा पगार की पेन्सिलीचा?

प्रश्न: ताई, मी अर्थशास्त्रात एम. ए. करतोय. तंत्रज्ञान आणि रोजगार या विषयात पीएचडी करावी असं मनात आहे. घरचे म्हणतात, यंत्र कोणाची नोकरी खाणार हे पेपरातही छापून येतं, त्यासाठी पाच-सहा वर्षं कशाला घालवायची? तुमची वर्षं नेमकी कशात गेली?
– एक वाचक

उत्तर: खरं सांगू? बरीचशी स्वतःचंच खोडण्यात गेली.

माझा पहिला शोधनिबंध एका वाक्यात मावेल: कामावर संगणक वापरणाऱ्यांना जास्त पगार मिळतो. भरपूर डेटा, मोठा फरक, मी खूश. मार्गदर्शकांनी तो वाचला आणि काही न बोलता दोन जुने निबंध पुढ्यात ठेवले. पहिला ॲलन क्रूगर यांचा, १९९३ चा. अमेरिकेत संगणक वापरणाऱ्यांना १० ते १५ टक्के जास्त वेतन मिळतं, असं त्यात होतं. म्हणजे माझंच म्हणणं, माझ्याआधी आणि माझ्याहून नेटकं. दुसरा दिनार्दो आणि पिश्के यांचा, १९९७ चा. त्यांनी जर्मन कामगारांच्या माहितीवर तेच गणित पेन्सिलीसाठी केलं. पेन्सिल वापरणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच जादा पगार! बसून काम करणाऱ्यांनाही! आता पेन्सिल हाती दिल्याने कोणाचा पगार वाढत नाही. ज्यांच्या कामात पेन्सिल लागते, ती माणसं आणि ती कामंच मुळात वेगळी असतात. माझा निबंध तिथेच संपला. आठवडाभर मी विभागात फिरकले नाही.

मग पदनाम सोडून कामाकडे बघायला शिकले. ऑटर, लेव्ही आणि मर्नेन यांनी २००३ मध्ये हीच वाट दाखवली होती: संगणक नोकरी घेत नाही, ठरलेल्या नियमांनी होणारी कामं घेतो. हिशेब जुळवणं त्याला सोपं, पण चिडलेल्या माणसाला समजावणं अवघड. (त्यातला दुसरा भाग आता पुन्हा तपासावा लागतोय, म्हणून तर या विषयात अजून काम शिल्लक आहे.)

घरच्यांच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. २०१३ मध्ये फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या मोठ्या धोक्यात आहेत असं मांडलं, आणि तो आकडा जगभर छापला गेला. २०१६ मध्ये आर्न्ट्झ, ग्रेगरी आणि झिएरान यांनी अख्खा व्यवसाय न धरता माणूस प्रत्यक्ष काय काय करतो ते धरलं, तर आकडा आला ९ टक्के. पेपरात आकडा येतो, तो कसा मोजला हे सहसा येत नाही.

रोजचं काम मात्र रटाळ असतं, आधीच सांगते. मी आणि एका सहकाऱ्याने महिनोन् महिने नोकरीच्या जाहिराती वाचून कौशल्यांचे कोड लावले. ‘उत्तम संवादकौशल्य’ जवळजवळ सगळीकडे, अगदी रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही! हे कौशल्य धरायचं की जाहिरातीची सवय? आमचं एकमत झालं नाही. शेवटी तो रकानाच वगळला.

स्टाटा किंवा आर यांपैकी आकडेवारीचं एखादं सॉफ्टवेअर शिकून घ्या, इकॉनॉमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) पक्कं करा. पण अर्ज भरण्याआधी ओळखीतल्या एका नोकरदाराशेजारी दिवसभर बसा. तो जे जे करतो ते अर्ध्या अर्ध्या तासाने लिहा, पदनाम न लिहिता. संध्याकाळी त्या वहीशी त्याचं नियुक्तिपत्र ताडून बघा. कंटाळा आला की कुतूहल वाटलं, ते मला कळवा.