भारतात सामान्य माणूस बंदुकीचा परवाना का घेतो? नियम सैल करावेत का?

सामान्य माणसाला बंदूक हवीच कशाला, आणि परवान्याचे नियम सैल करावेत की आणखी आवळावेत, असं तुम्ही विचारलं आहे. अमेरिकेबद्दल बरेच जण लिहितील. मी सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे मला जवळून माहीत असलेल्या बंदुकीबद्दलच लिहितो. आमच्याकडे वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा, म्हणजे रानडुकरांसारख्या जनावरांपासून पीक राखायला बंदूक ठेवण्याचा, परवाना आहे.

ही बंदूक ठासणीची, एकनळी. नळीत दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवायची आणि बार काढायचा. बहुतेक वेळा वडील छर्रे घालतच नाहीत, कारण डुकरांचा कळप नुसत्या आवाजानेच पळतो. एकदा बार काढला की दुसरा भरेपर्यंत बराच वेळ जातो, म्हणजे या बंदुकीने कोणी गावात दहशत माजवेल ही भीती फारशी खरी नाही. डुक्कर भात खातो त्याहून जास्त तुडवतो. एका रात्रीत मळ्याचा अख्खा कोपरा आडवा झालेला असतो. दिवसा माकडं असतात, ती वेगळीच.

ही गरज कायद्यालाही मान्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. तिने भागत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची (नळीत आतून आटे नसलेली) दुसरी बंदूकही देता येते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ते तसंच असावं. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून लग्नात मिरवणाऱ्याला परवाना कशाला? २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं केलं, आणि आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हे दोन्ही बदल मला मनापासून पटतात.

आमच्याकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. राखणीच्या नावावर रात्री शिकारीला जाणारे आहेत. झाडीत काही हललं म्हणून बार काढला आणि सोबतचाच माणूस गेला, असे प्रकार कोकणात घडले आहेत. नुसता शेतीसंरक्षणाचा परवाना आहे म्हणून रानडुक्कर मारता येत नाही, त्याला वनखात्याची परवानगी लागते. हे ठाऊक असूनही जे शिकार करतात त्यांचा परवाना रद्दच व्हायला हवा. त्यांच्यामुळे बाकीच्यांकडेही संशयाने बघितलं जातं.

पण म्हणून सगळ्यांच्याच बंदुका काढून घेतल्या तर काय होईल? ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यातले काही जण आजही डुकरांच्या वाटेवर तारेची फासकी लावतात, कुंपणात वीज सोडतात. फासकीत बिबटे अडकून मरतात. विजेच्या तारेला माणसंही चिकटतात. यापेक्षा नोंद असलेली, नंबर असलेली, नूतनीकरणाला अधिकाऱ्यासमोर येणारी बंदूक कितीतरी बरी.

खरी अडचण निवडणुकीत येते. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा म्हणून नोटीस येते. २०१९ ची विधानसभा निवडणूक आठवा. सप्टेंबरच्या २१ तारखेला आचारसंहिता लागली आणि ऑक्टोबरच्या २१ ला मतदान झालं. कोकणात नेमकं तेव्हाच भात पिकतं. २०२४ ला ऑक्टोबरच्या मध्यापासून पुन्हा तेच, ऐन कापणीत. लोकसभेची निवडणूक आली की काजू आणि आंब्याचा हंगाम सापडतो. म्हणजे वर्षभर सांभाळलेली बंदूक कामाच्या महिन्यातच घरी नसते.

खरं तर कोणाचं शस्त्र जमा करून घ्यायचं हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, यांची शस्त्रं आधी घ्या, त्याला कोणाचीच हरकत नाही. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यावर आयुष्यात एक गुन्हा नाही, त्याची ठासणीची बंदूक त्याच यादीत घालू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की पिस्तुलांचे नियम आहेत त्याहून कडक झाले तरी चालतील, पण शेतीसंरक्षणाचा परवाना मात्र तहसील आणि पोलीस ठाण्याच्या खेपा न घालता मिळावा, आणि मिळालेली बंदूक हंगामात शेतकऱ्याच्या घरी असावी.