१०० एमबीपीएसचा प्लॅन असून डाउनलोड १२ वरच का अडकतं? आणि वाय-फाय फुल असताना नेट बंद कसं?

पहिल्या प्रश्नात तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. प्लॅनमधला 'बी' बिटचा आणि डाउनलोडच्या खिडकीतला 'बी' बाइटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा. त्यातलाही थोडा वेग डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिण्यात खर्च होतो. तेव्हा ११-१२ मिळत असतील तर लाइन ठणठणीत आहे. (आकडा आठपट मोठा दिसत असताना जाहिरातवाले बाइट कशाला छापतील?)

दुसऱ्या प्रश्नाची गोम अशी की वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोनवरचं ते चिन्ह फक्त फोन ते राउटर एवढ्या अंतराबद्दल बोलतं. राउटरच्या पलीकडची लाइन तुटली तरी ते मजेत भरलेलं राहतं.

फायबर असेल तर बाहेरून प्रकाश येतो आणि ओएनटी नावाचा डबा त्याचे विजेचे सिग्नल करतो. टेलिफोनच्या तारेवर असंच रूपांतराचं काम मोडेम करायचा, म्हणून लोक आजही सरसकट 'मोडेम' म्हणतात. राउटरचं काम वेगळं: बाहेरून मिळालेला एकच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) घरातल्या सगळ्यांत वापरायचा. आत तो प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि कुणी काय मागवलं होतं ते लक्षात ठेवून आलेलं पाकीट त्यालाच पोचवतो. हल्ली दोन्ही कामं एकाच डब्यात असतात, गोंधळ तिथूनच होतो.

आता नेट गेलं की कॉम्प्युटरवर कमांडची खिडकी उघडा आणि आधी राउटरलाच पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता टाका आणि हाकेला उत्तर येतं का बघा. त्याचा पत्ता बहुतेक वेळा डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. उत्तर आलं तर घरातला भाग ठीक. मग ८.८.८.८ ला करा, तो गूगलचा डीएनएस सर्व्हर. तिथूनही उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाही? मग बहुधा डीएनएसचं दुखणं, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा अडली आहे. सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस टाकून बघा. राउटर बोलतोय आणि बाहेरचं कोणीच नाही, तर सरळ तक्रार करा. ओएनटीवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, डबा दहादा बंद-चालू करून काही होणार नाही.

वेग मोजायचा तो केबल लावून. वाय-फायवर मोजलेला आकडा भिंतींचाही असतो: वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान पण भिंतीला लवकर हार मानतो, २.४ लांब जातो पण सावकाश.

अर्थात केबलही दगा देते. माझा ३०० चा प्लॅन कितीतरी दिवस ९४ च्या वर जाईना. मी प्रोव्हायडरशी दोनदा भांडलो. शेवटी केबलचं टोक उजेडात धरलं तर आठ तारांपैकी तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे केबलच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांनी गुपचूप १०० वर तडजोड केली होती. नवा कनेक्टर क्रिंप केला (तारांवर दाबून बसवला) आणि आकडा २९० च्या पुढे गेला. भांडण मात्र वाया गेलं.