'मास ऑब्झर्व्हेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: सामान्य माणसांचं रोजचं जगणं टिपून ठेवणाऱ्या ब्रिटनमधल्या 'मास ऑब्झर्व्हेशन' या उपक्रमाला 'लोकनिरीक्षण' म्हटलं तर चालेल का? आणि त्यातल्या डायऱ्या म्हणजे दैनंदिनी की रोजनिशी?

'लोकनिरीक्षण' चालेल, किंबहुना मूळ नावापेक्षा काकणभर सरसच आहे. समास दोन्ही बाजूंनी सुटतो: लोकांचं निरीक्षण आणि लोकांनी केलेलं निरीक्षण. 1937 साली टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी सुरू केलेल्या या कामात दोन्ही होतं. बोल्टन या गिरणगावात त्यांची माणसं पबमध्ये बसून गिऱ्हाइकांचं बोलणं-वागणं टिपून घेत. दुसरीकडे देशभरातले स्वयंसेवक स्वतःबद्दल लिहून पाठवत. घरातल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर (मँटलपीसवर) डावीकडून उजवीकडे कोणकोणत्या वस्तू मांडल्या आहेत, मधोमध काय आहे, हेसुद्धा त्यांना विचारलं होतं. घर कसं नांदतं ते अशा यादीतून जितकं कळतं तितकं मोठमोठ्या सर्वेक्षणांतून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

लिहिणाऱ्यांना मात्र 'निरीक्षक' म्हणू नका. पोलीस निरीक्षक, आरोग्य निरीक्षक यांमुळे त्या शब्दाला तपासणीचा वास लागला आहे. 'नोंद करणारे' हे साधं आणि नेमकं.

आता डायरी. 'दैनंदिनी' म्हटलं की शिक्षकाने किंवा तलाठ्याने वरिष्ठांना दाखवायची वही आठवते. 'रोजनिशी'चं मूळही दफ्तरातलंच. त्यातली 'निशी' म्हणजे रात्र नव्हे. फारसी 'नविसी', म्हणजे लेखन. चिटणीस, फडणीस यांतला 'नीस' तोच. पेशवे दफ्तरातल्या रोजनिशा म्हणजे हुकूम आणि कारभाराच्या नोंदी. पण पुढे हा शब्द घरात आला, मनातलं लिहिण्यासाठी रुळला, म्हणून इथे तोच घ्यावा. बॅरो-इन-फर्नेसच्या नेला लास्ट या बाईंनी 1939 मध्ये या उपक्रमासाठी लिहायला घेतलं. ओळख काय, तर 'गृहिणी, 49'. रेशन, शिवणकाम, सैन्यात जाणारा मुलगा, नवऱ्याशी न जुळणारं मन असं सगळं त्या 1966 पर्यंत लिहीत राहिल्या. याला दैनंदिनी म्हणवत नाही.

नुसतं 'डायरी' लिहिलंत तरी हरकत नाही. अनेकवचन 'डायऱ्या' करा, 'डायरीज' नको.